राजांच्या वजनाचा चोर

“माझं वजन चोरून वाढवतंय तरी कोण?”

धवलराजे गरजले, तेव्हा ते कोठारापुढच्या मोठ्या तराजूच्या एका पारड्यात बसले होते. दुसऱ्या पारड्यात ज्वारीची पोती होती. महिन्यापूर्वी जेवढी पोती लागली, तेवढ्यात आज भागेना. वर आणखी पासरीभर ज्वारी ओतली, तेव्हा कुठे पारडी बरोबर झाली!

राजे घाम पुसत उतरले. त्यांची लाडकी घोडी त्यांना पाठीवर घेताना गुडघे टेकू लागली, त्या दिवशी त्यांनी देवापुढे शपथ घेतली होती. दोन वेळा अर्धी भाकरी, वाटीभर वरण आणि पालेभाजी. बस्स! “वजन काय, आठ दिवसांत उतरवतो,” असं त्यांनी गावभर सांगितलंही होतं.

“नागोजी!” राजांनी आपल्या आचाऱ्यावर बोट रोखलं. “भाकरीच्या पिठात तूप कालवतोस तू!”

“देवाशपथ नाही, सरकार! थेंबभरसुद्धा नाही!”

“मग दुसरा कोण? उद्या सूर्य मावळायच्या आत चोर माझ्यापुढे उभा कर, नाहीतर चोर तूच! आणि चोराला मी राज्याच्या शिवेबाहेर हाकलणार, हा माझा शब्द आहे!”

नागोजीने हात जोडले. त्याची लेक गोजरा मागेच उभी होती. राजांच्या भाकरीचं पीठ तीच मळायची, तेव्हा तूप कुठून येणार? बापाचा पडलेला चेहरा तिला बघवेना. ती पदर खोचून पुढे झाली.

“सरकार, चोर मी पकडते. फक्त उद्याचा दिवस मला तुमच्या मागं फिरू द्या.”

“फीर! पण मला टोकायचं नाही, शिकवायचं नाही. एक शब्द जरी बोललीस, तर बापाबरोबर तूही शिवेबाहेर!”

“ब्र काढणार नाही. पण तुम्ही जेवढं तोंडात घालाल, तेवढंच मलाही मिळावं.”

“भलतीच हावरट दिसतेस!” राजे म्हणाले. “बरं, मिळेल!”

दुसऱ्या दिवशी सकाळीच गोजरा एक रिकामी घागर घेऊन राजवाड्यात हजर झाली.

पूजा झाली. पुजाऱ्यांनी पेढे पुढे केले. “प्रसादाला नाही कसं म्हणायचं?” म्हणत राजांनी चार पेढे घेतले. गोजरानेही चार घेतले आणि घागरीत टाकले.

मग आत्यासाहेब आल्या. “किती वाळलास रे बाळा!” म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि डिंकाचा लाडू राजांच्या हातावर ठेवला. राजांनी लाडूकडे पाहिलं, आत्यांकडे पाहिलं. नव्वदीची म्हातारी, तिचं मन कोण मोडणार? एक लाडू पोटात, एक घागरीत!

शेजारच्या राज्याचा वकील बर्फीची परडी घेऊन आला. नको म्हटलं तर अपमान, आणि अपमानातून उद्या लढाई! राजांनी राज्य वाचवलं. पाच तुकड्यांनी वाचवलं.

दुपारी मात्र गोजराला त्यांची दया आली. अर्ध्या भाकरीचे राजांनी बारीक बारीक तुकडे केले आणि एकेक चावून खाल्ला. शेजारच्या पाटावर मेहुणे पुरणपोळीवर तुपाची धार धरून बसले होते. राजांनी डोळे मिटले आणि तांब्याभर पाणी पिऊन ते उठले. हा माणूस खोटं बोलत नव्हता. आपण उपाशी आहोत, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं!

जेवणानंतर दिवाणजींशी सोंगट्यांचा डाव रंगला. डोळे पटावर होते आणि हात खाऱ्या शेंगदाण्यांच्या ताटलीत. राजांनी सात मुठी खाल्ल्या आणि त्यांना एकही आठवत नव्हती. संध्याकाळी बागेला एक फेरी मारून ते धापा टाकत ओट्यावर बसले. “आज किती सोसलं मी! एवढ्या कष्टावर वाटीभर बासुंदी चालेल,” ते म्हणाले. एकीच्या तीन वाट्या झाल्या. गोजराची घागर आता तिला दोन्ही हातांनी उचलावी लागत होती.

सूर्य टेकला. कोठारापुढे सगळे जमले. नागोजी भिंतीला टेकून देवाचं नाव घेत होता.

“कुठाय चोर?” राजांनी विचारलं.

गोजराने तराजूच्या एका पारड्यात तेवढ्याच वजनाची रिकामी घागर आणि तिच्यावर भाकरी, वरण आणि भाजी ठेवली, अगदी राजे दिवसभरात जेवले तेवढी. दुसऱ्यात आपली भरलेली घागर ठेवली. धाडकन भरली घागर खाली आणि भाकरी आभाळात!

“अगं, एवढं सगळं खाल्लं कुणी?”

“ज्याचं वजन वाढलं त्याने, सरकार!”

राजे लालबुंद झाले. “मी? मी कुठे खाल्लं? तो प्रसाद होता! तो आत्याचा लाडू होता! ती बर्फी म्हणजे राजकारण होतं!”

“खरं आहे, सरकार. पण पोटाला राजकारण कळत नाही. त्याला वाटलं, जेवणच आलं!”

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. राजांच्या कपाळावर आठी चढली.

“म्हणजे चोर मीच! आणि चोराला शिवेबाहेर हाकलायचा शब्दही मीच दिला! मग राजाला हाकलणार का तू?”

नागोजीने डोळे घट्ट मिटले. गोजरा मात्र हात जोडून हसली.

“राजाचा शब्द मोडायचा कसा? शीव इथून दीड कोसावर आहे. रोज पहाटे सरकारांना शिवेबाहेर सोडायचं. पायी! पण परत यायचं नाही, असं तर तुम्ही म्हणाला नव्हता. रोज पायीच परत या!”

मग राजांचं पोट गदगदा हलू लागलं. ते इतके हसले, की आधाराला तराजूचा खांब धरावा लागला!

“नागोजी, तुझी लेक माझ्या सगळ्या दरबाराला भारी आहे! पोरी, शिवेजवळची माझी आमराई आजपासून तुझी. रोज तिथवर येणारच आहे, तर वाटेत दोन आंबे तरी देशील ना?”

“देईन की, सरकार,” गोजरा म्हणाली, “पण घागर घेऊन उभी राहीन!”