दुसऱ्यांच्या नावाचे घास

एका राज्यात दिलेला घास कधी पत्ता चुकत नसे. तिथल्या राजघराण्याच्या मूळपुरुषाला एका सिद्धाने वर दिला होता: या घराण्याने ज्याचं नाव घेऊन जे द्यावं, ते त्यालाच पोचावं. त्या वरावर दानधर्म सुखाने चालला. पुढे माणसं वराला विसरली. वर मात्र कोणाला विसरला नाही.

त्या घराण्यात पर्णिका नावाची राजकन्या होती. वय पाच, वजन मोरपिसाएवढं. ताट आलं की तिचे ओठ शिवल्यासारखे मिटत. पडवळ पाहून ती रडे. वरणात कोथिंबिरीचं पान दिसलं तर उठून पळे. मग तिची आजी, राजमाता, वाटी घेऊन मागे मागे धावे. "हा घास चिऊचा, हा काऊचा, आणि हा मोठा आजीचा!" असा एकेक घास कोंबला जाई. पोर गिळे, पण अंगी लागत नसे.

पर्णिकेची आई, राणी वेत्रवती, एकदा म्हणाली, "आईसाहेब, तिला तिच्या हाताने जेवू द्या ना."

"तुझं वय काय, सूनबाई? मी राजे वाढवलेत या हातांनी!"

राजा आईच्या शब्दाबाहेर नव्हता. तो खाली मान घालून कढी भुरकत राहिला.

एका सकाळी गच्चीवर वारा सुटला आणि राजकन्या उडाली. राणीने झेप घेऊन तिचा पाय धरला. लेकराला पदराने पोटाशी बांधलं, आणि कोणाला न विचारता ती टेकडीवरच्या चेटकिणीकडे गेली.

चेटकिणीने पर्णिकेचं तोंड हुंगलं. "हिने आजवर स्वतःचा घासच खाल्लेला नाही. नावं दुसऱ्यांची घेतलीत, घास त्यांना पोचले. तुमचा वर उलटलाय, राणी. तिघांनी आपला हक्क सोडला, तरच पोर जमिनीवर राहील. नाहीतर पुढच्या वाऱ्याला तिचा पाय तुझ्या हाती लागायचा नाही."

राणी आधी चिमणीकडे गेली. चिमणी कोंबडीएवढी फुगली होती, आणि तिच्या भाराने घरटं फाटलं होतं.

"मी कुठे मागितलं होतं?" चिमणी धापा टाकत म्हणाली. "घरटं विणून दे. हात न लावता, माझ्यासारखं."

राणीने दातांत काड्या धरून घरटं विणलं. ओठ सोलवटले. चिमणीने हक्क सोडला, आणि ती भुर्रकन उडाली.

कावळा म्हणाला, "माझं गाणं शेवटपर्यंत ऐक."

राणीने ऐकलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा गाणं संपलं.

"कसं होतं?"

"भयंकर."

"ऐकलंस, वर खरंही बोललीस! आजवर सगळे दगड मारून गेले. जा, घास सोडला."

उरली राजमाता. ती दिवसाला एक भाकरी खाई, तीही पोर जेवल्यावर, गारढोण. तरी अशी जड झाली होती की पालखीला दुप्पट भोई लागत. राणीने तिला सारं सांगितलं. राजमातेने आपल्या जाडजूड बोटांकडे पाहिलं.

"म्हणजे मी खात होते तिचं?" तिने हात पदराआड घेतले. "सोडला गं, सोडला हक्क. आता काय करू?"

"तिच्याजवळ बसायचं. आणि बोलायचं नाही."

"हे नाही जमायचं मला! ती उपाशी उठली तर?"

"उठू दे. संध्याकाळी पुन्हा ताट मांडू."

"तुला भीती नाही वाटत?"

"तुमच्याइतकीच वाटते, आईसाहेब. माझा हात धरून बसा."

पाट मांडला, आणि राणीने पदराची गाठ सोडून पर्णिकेला त्यावर बसवलं. ताटात वरणभात, पडवळाची भाजी, लोणच्याची फोड. पर्णिकेने ओठ मिटले आणि मागे वाटी येण्याची वाट पाहिली. कोणी आलं नाही. तिने पडवळ हुंगलं, चावलं आणि थुंकून टाकलं. राजमातेने राणीचा हात असा आवळला की बांगडी पिचली. पण तोंडातून शब्द नाही. पोरीने भातात बोट घातलं. मग पाची बोटं. एक घास तोंडात गेला, हनुवटीवरून ओघळला, पुन्हा आत गेला.

आणि तिच्या भाराने पाट करकरला.

राजमातेच्या अंगावरचा भार उतरला. तिच्या पाटल्या सैल होऊन तळहातापर्यंत घसरल्या, आणि डोळ्यांतलं पाणी त्यांवर पडलं.

पर्णिकेने तोंडभर भातातून विचारलं, "आजी, तू का नाही जेवत?"

राजमातेने राणीकडे पाहिलं, जणू परवानगी मागत होती.

"आईसाहेबांचं ताट आणा," राणी म्हणाली. "गरम आणा."

त्या दुपारी राजमाता नातीच्या शेजारी बसून, कित्येक वर्षांनी गरम भातावर तूप घेऊन जेवली. वारा गच्चीवरून वाहत राहिला, आणि त्याने कोणालाही नेलं नाही.