हौसाचं विरजण

घाटाखालच्या एका गावात शेवंता आणि हौसा नावाच्या दोन जावा शेजारी शेजारी राहत होत्या. अंगण एक, चुली वेगळ्या. शेवंता थोरली. तिच्या गोठ्यात दुभत्या म्हशी होत्या. धाकट्या हौसाकडे एकच गाय, तीही वयाने उतरलेली. पण गावात नाव होतं ते हौसाच्या दह्याचं.

हौसाने लग्नानंतर माहेराहून विरजणाची वाटी आणली होती. त्यातलं चमचाभर दही ती रोज संध्याकाळी कोमट दुधात घाली. सकाळी दही असं लागे की सुरीने कापावं. दुसऱ्या दिवसापुरतं विरजण ती वाटीत काढून ठेवी आणि बाकीचं येईल त्याला देई. गावचे नारोपंत वैद्य आजारातून उठलेल्या माणसाला सांगत, "औषधाचं काम झालं. आता मऊ भात खा आणि हौसाकडचं ताजं ताक घ्या. पोट ठिकाणावर आलं की अंगात ताकद येईल." जुलाबाने खंगलेली, जेवणावरची वासना उडालेली माणसं त्या ताकभातावर हळूहळू जेवू लागत.

शेवंताला हे बघवत नसे. अंगणात पाऊल वाजलं की तिची मान आपोआप वर होई. आलेली बाई भांडं घेऊन हौसाच्या दाराकडे वळे. शेवंता हातात सूप धरून तशीच बसून राही. 'दूध माझ्या म्हशींचं घट्ट. भांडी माझी लखलखीत. मग हिच्यात असं काय आहे?' असं तिच्या मनात येई आणि पाखडलेले तांदूळ ती पुन्हा पाखडायला घेई.

तिचं स्वतःचं दही कधी आंबट होई, कधी त्याला तार सुटे. हौसा एकदा म्हणाली होती, "अक्का, माझ्यातलं विरजण न्या ना."

"का? आमच्या घरी दही लागत नाही का?" शेवंता म्हणाली.

त्यानंतर हौसाने विचारलं नाही आणि शेवंताने मागितलं नाही.

गौरी जेवणाच्या दिवशी शेवंताने पुरणपोळी केली होती. तिचा नवरा खंडू जेवायला बसला. त्याने दह्याची वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. "हौसाकडून थोडं आण," तो सहज म्हणाला. शेजारी बसलेली त्यांची लहानगी मंजुळा लगेच उठली. "मी आणते. मी रोज काकूकडेच खाते. काकूचं दही गोड असतं."

शेवंताने हातातला घास ताटात ठेवला. आपल्या पोटची पोरसुद्धा तिकडेच जाते. त्या दिवशी ती पुढे जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हौसा नदीवर धुणं धुवायला गेली होती. शेवंता तिच्या घरात शिरली. शिंक्यात विरजणाची वाटी होती. तिने ती काढून चुलीतल्या निखाऱ्यांवर ठेवली. दही तापलं, फुटलं, पाणी वेगळं झालं. ते निवेपर्यंत ती तिथेच उभी राहिली आणि वाटी पुन्हा शिंक्यात ठेवून बाहेर आली. कुणी पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी हौसाने अंधुक उजेडात नेहमीप्रमाणे विरजण लावलं. सकाळी दूध तसंच होतं. ती पुन्हा पुन्हा वाटी बघत राहिली. "शिंकं चुलीच्या फार जवळ टांगलं. धग लागली असेल. माझंच चुकलं," ती म्हणाली. मग ती घरोघर विचारत फिरली. पण रोज ताजं दही मिळत असल्यामुळे कुणीच विरजण राखलं नव्हतं, आणि शेवंताच्या दह्याला तार सुटलेली होती. माहेर नदीपलीकडे होतं आणि नदीला पाणी आलं होतं.

हौसाच्या दाराशी येणारी भांडी रिकामी परत जाऊ लागली. शेवंता ओट्यावरून ते बघे. तिला वाटलं होतं, आता लोक आपल्याकडे वळतील. कुणी वळलं नाही. पण हौसाचं दार ओस पडलं, एवढ्यानेही तिला बरं वाटत होतं.

मग गढूळ पाण्याने गावात जुलाबाची साथ आली. मंजुळा आजारी पडली. नारोपंतांनी औषध दिलं, मीठ घातलेली पेज पाजायला सांगितली. जुलाब थांबले, पण पोरगी सावरेना. भाताचं शीत तोंडात घातलं की तोंड फिरवी. पोट फुगलेलं, हात काडीसारखे. सारखी म्हणे, "काकूचं दही दे."

नारोपंत म्हणाले, "तिला हवंय तेच द्या. पोट पार धुऊन निघालंय, ते पुन्हा वळणावर यायला हवं. ताजं दही मऊ भातात कालवून थोडं थोडं भरवा. हौसाकडून आणा."

"तिचं विरजण गेलं," खंडू म्हणाला. शेवंता भिंतीकडे बघत होती.

हौसाला हे कळलं तेव्हा तिने पदर खोचला आणि झाकणाचा गडू घेतला. "अक्का, मी माहेरी जाऊन येते. पाणी थोडं उतरलंय. माझ्या हातून ते विरजण गेलं नसतं, तर पोरीला आज दही मिळालं असतं."

खरं सांगायची तीच वेळ होती. शेवंता मंजुळाचं पांघरूण सारखं करत राहिली. हौसा निघून गेली.

तो दिवस शेवंताला सरता सरेना. मंजुळाच्या कपाळावर हात ठेवून ती बसली होती आणि कान नदीकडे लागले होते. गुराखी सांगत आले की मधल्या धारेत पाणी अजून कमरेच्या वर आहे. हौसाचं काही बरंवाईट झालं तर? आजवर हौसाच्या वाटेकडे तिने असे डोळे कधी लावले नव्हते.

दिवेलागणीला हौसा आली. लुगडं छातीपर्यंत भिजलेलं, दोन्ही हातांनी गडू उराशी धरलेला. "वहिनीने जपून ठेवलं होतं," ती म्हणाली. "दूध कोमट करा, अक्का."

शेवंता जागची हलली नाही. "हौसा, तुझं विरजण मी मारलं. निखाऱ्यावर ठेवून तापवलं."

हौसाने विचारलं, "का?"

"लोक तुझ्याकडे येतात म्हणून. मंजू तुझ्याकडे येते म्हणून."

हौसा गडू घेऊन वळली. दारापर्यंत गेली. आत मंजुळा कण्हली, तशी ती थांबली. मग परत आली, स्वतः चूल फुंकली, दूध कोमट केलं, त्यात विरजण घातलं आणि भांडं फडक्यात गुंडाळून ठेवलं. उरलेलं विरजण घेऊन ती आपल्या घरी गेली.

सकाळी मंजुळाने दहीभाताचे चार घास खाल्ले. दुपारी आणखी मागितला. हळूहळू तिचं पोट स्थिरावलं, ती उठून बसू लागली, मग अंगणात फिरू लागली.

हौसा रोज पोरीला बघून जाई, पण जावेशी बोलत नसे. शेवंता रोज संध्याकाळी आठवणीने विरजण लावी. तिचं दही आता चांगलं लागत होतं. लोक मात्र पुन्हा हौसाच्याच दारी येऊ लागले. ते पाहून शेवंताच्या मनात कधी कधी तीच जुनी जळजळ उठे. मग ती उठून म्हशींना पाणी दाखवी, गोठा झाडी, ती शमेपर्यंत काम करत राही.

एका सकाळी हौसा तिच्या दारात येऊन उभी राहिली. हातात रिकामी वाटी होती. "अक्का, मांजराने माझं विरजण सांडलं. तुमच्यातलं थोडं द्या."

शेवंताने सायीसकट घट्ट दह्याने वाटी काठोकाठ भरली.

"चमचाभर पुरे होतं," हौसा म्हणाली.

"असू दे. तुझंच आहे."

"आता तुमचंही आहे," हौसा म्हणाली आणि वाटी सांभाळत अंगण ओलांडून गेली.

तात्पर्य: दुसऱ्याचं चांगलं हेव्यापोटी नासवलं, तर त्याची झळ आपल्या घरालाही लागते. जे मागितल्याने मिळतं आणि वाटल्याने टिकतं, ते मागून घेण्यात कमीपणा नाही.