टोफूवालीची वाट

एक होता राजा, तिकडे लांब जपानात. नाव त्याचं मोरिताका. भारी भित्रा, बरं का! शत्रू येईल, शत्रू येईल म्हणून त्यानं किल्ला बांधला. आधी पाण्यानं भरलेला खंदक. मग चुन्याशिवाय नुसते दगड रचून उभे केलेले तट. अन् मधोमध पाच मजली लाकडी बालेकिल्ला, पांढराशुभ्र. वाट मात्र अशी वाकडी, की चालणारा भलत्याच दारात जायचा. मंदे, पाय पांघरुणात घे.

ती वाट ठाऊक होती राजाला, शिपायांना आणि टोफूवाल्या ओकिनूआजीला. टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर. त्याच्याशिवाय राजाला घास उतरायचा नाही, म्हणून आजीला रोज आत सोडायचे. पण दवंडी होती, "वाट दुसऱ्याला दाखवील त्याचं मुंडकं उडवीन!"

एकदा काय झालं, राजा सगळे शिपाई घेऊन शिकारीला गेला. इकडे शेगडीतला निखारा चटईवर पडला. जिना पेटला. वरच्या मजल्यावर राजाची लेक मित्सू अडकली!

गावकरी खंदकावर बादल्या भरून धावले. समोर दिसणाऱ्या बालेकिल्ल्याकडे सरळ गेले, ते परत खंदकाशीच आले. पुन्हा धावले, तर पुढे नुसती भिंत. तिसऱ्यांदा धावले, तर निघाले त्याच दारात! ओकिनूआजी बघत उभी होती. मानेची भीती वाटत होती हो बिचारीला. मग वरून हाक आली, "ओकिनूआजी!"

आजीनं टोफू फेकला, बादली भरली. "माझ्यामागं या! बालेकिल्ला पाठीशी पडला तरी भिऊ नका. तीच खरी वाट!"

मग काय! आग विझली. मित्सू सुखरूप उतरली.

राजा परतला. बघतो तर सगळं गाव आत! "वाट कुणी दाखवली?"

"मी, महाराज," म्हणत ओकिनूआजीनं मान वाकवली. मित्सू तिच्या गळ्यात पडली, ती सोडेचना. राजा मटकन खालीच बसला आणि रडायला लागला. "शत्रूला अडवायला गेलो, अन् माझ्याच माणसांना अडवून बसलो."

प्रधान कुरकुरला, "आता वाट सगळ्यांना कळली."

"कळू दे. सगळी आपलीच माणसं आहेत."

मग राजानं ती दवंडी मागं घेतली. आगीपासून राखण करायला छपरावर दोन मोठ्या माशांच्या मूर्ती बसवल्या, आग लागली की ते पाणी उडवतात म्हणे. अन् शत्रू? आला ना एकदा! पण सगळ्या गावात त्याला वाट कुणी सांगेना. तीनदा खंदकाशी आला अन् कंटाळून घरी गेला.

मग राजा, मित्सू, ओकिनूआजी आणि सगळं गाव टोफू खात सुखानं राहिलं. तुमची वाट काही वाकडी नाही, उशीपर्यंत सरळ आहे. चला, मिटा डोळे.