पन्नाशीचं लेकरू

ठकू बुरडीण एकदा शीतलादेवीला नवस बोलली होती, मुलगी गोवरातून उठली तर दहीभाताचा नैवेद्य दाखवीन. देवीने आधी मुलीला उठवलं, मग दहीभात घेतला. शेवरीनगरच्या राजवैद्यशाळेची रीत मात्र उलटी होती. तिथे नैवेद्य आधी घेत, आणि पावायची वेळ आली की पाठ फिरवून बसत.

तिथला कायदा असा, की दर सुगीला प्रत्येक घराने राजाच्या कोठारात टोपलीभर धान्य घालायचं आणि घरात दुखणं आलं की राजवैद्याने फुकट औषध द्यायचं. राजा धीरसिंहाने तशी दवंडीच पिटवली होती. धान्य घेताना कोठीवाले टोपली हलवून हलवून शिगोशीग भरून घेत. औषध देताना मात्र कारभारी नागोपंत दारात आडवा येई. लेकरांना तो आत सोडी, कारण लेकरं भोकाड पसरतात आणि ते थेट राजवाड्यात ऐकू जातं. मोठ्यांसाठी त्याची तऱ्हा वेगळी. कोणी चालत आला तर म्हणे, चालता येतंय, म्हणजे धडधाकट आहेस. कोणाला खाटेवर घालून आणलं तर म्हणे, एवढं दुखणं एका रात्रीत होत नाही, हे टोपली घालायच्या आधीचं, आमचा काय संबंध? मोठी माणसं बिचारी दुखणं अंगावर काढत, आणि सुगी आली की पुन्हा टोपली भरत.

अशात ठकूच्या नवऱ्याच्या, भिवाच्या, तळहातात बांबू चिरताना कुसळ घुसलं. दोन दिवसांत हात भोपळ्यासारखा सुजला आणि मनगटावरून लाल रेघ वर चढू लागली. ही रेघ खांद्याला भिडायच्या आत हाताला चीर द्या, नाही तर हात तर जाईलच, माणूसही जाईल, असं शेजारच्या म्हातारीने बजावलं. ठकू नवऱ्याला घेऊन वैद्यशाळेच्या दारात उभी राहिली.

नागोपंताने लांबूनच पाहिलं. म्हणाला, पायांनी चालत आलाय, म्हणजे धडधाकट. आणि बुरडाच्या हातात कुसळं लहानपणापासून जातात, म्हणजे दुखणं जुनं.

"परवा याच हाताने तुमच्या सूनबाईंची सुपं विणली, पंत," ठकू म्हणाली. "तेव्हा नव्हतं ते जुनं?"

नागोपंताने धाडकन दार लावून घेतलं. दाराआडून एवढंच ऐकू आलं, की लेकरू असतं तर पाहिलं असतं.

ठकूने भिवाला पायरीवर बसवलं आणि ती तडक दरबारात गेली. भाट नुकताच राजाला रयतेचे मायबाप म्हणून पुकारून थांबला होता.

"मायबापच ना?" ठकू हात जोडून म्हणाली. "मग माझा नवरा तुमचं लेकरूच की. लेकराचं औषध त्याला द्यायला सांगा."

दरबार खिदळला. राजाही हसला, आणि हसता हसता त्याला ठसका लागला. मानकऱ्यांच्या देखत एक बुरडीण आपल्याला शब्दात धरते, हे त्याला जरा झोंबलंही. तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "बाई, मिशा फुटलेला बाप्या अजून लेकरूच आहे, असं दिवस मावळायच्या आत या दरबारात दाखवून दे. दाखवलंस तर औषध. नाहीतर जन्मभर राजवाड्याच्या टोपल्या फुकट विणायच्या."

ठकूच्या मागोमाग दरबारात येऊन उभा राहिलेला नागोपंत तर आताच टोपल्या मोजायला बसावं, इतका खूश झाला.

ठकू राजवाड्याच्या मागच्या दाराला गेली. सुपं पोचवायला ती तिथे नेहमी जात असे. राजाच्या आई, आऊसाहेब, तुळशीपाशी वाती वळत बसल्या होत्या. ठकूने कसली तक्रार केली नाही, की काही मागितलं नाही. सहज बोलल्यासारखं एवढंच सांगितलं, की आज दरबारात महाराजांना ठसका लागला होता.

आऊसाहेबांच्या हातातली वात खाली पडली. "गळ्याला काही गुंडाळलं होतं का?"

"नाही. उघडाच होता."

"कालपासून सांगतेय मेल्याला!"

थोड्याच वेळात दरबाराचं दार उघडलं. आऊसाहेब आत आल्या, मागे काढ्याचा पेला घेऊन दासी. मानकरी झटकन उभे राहिले. आऊसाहेबांनी कोणाकडेही न पाहता राजाचा मुकुट काढून बाजूला ठेवला आणि कानांवरून लोकरीची पट्टी गच्च बांधली.

"तोंड उघड."

"आऊसाहेब, दरबार भरलाय."

"भरू दे. तोंड उघड."

राजाने तोंड उघडलं. काढा घशाखाली उतरला. मग आऊसाहेबांनी मुठीत मीठमोहऱ्या घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या मानकऱ्यांवर डोळे वटारले आणि राजाची दृष्ट काढली. शेवटी पदराने त्याच्या मिशांना लागलेला काढा पुसला.

ठकू पुढे झाली. "महाराज, पन्नाशीचं लेकरू सापडलं. मिशा आहेत, दरबाराने पाहून घ्यावं. आता पंतांनी सांगावं, हे लेकरू चालत आलं होतं, तरी काढा कसा मिळाला? हा खोकला आजचा की जुना? आणि याने कोठारात टोपली कुठल्या सुगीला घातली?"

नागोपंत छताकडे पाहू लागला. राजाने आधी ठकूकडे पाहिलं, मग आईकडे, आणि असा खदाखदा हसला की कानावरची पट्टी सुटून गळ्यात आली.

भिवाला पायरीवरून दरबारात आणलं आणि तिथल्या तिथे राजवैद्याला बोलावून त्याच्या हाताला चीर दिली गेली. रेघ कोपरापाशी थांबली. ठकूला हिरवं लुगडं आणि सोन्याच्या पाटल्या मिळाल्या. आणि त्या दिवसापासून वैद्यशाळेच्या दारात नागोपंताच्या जागी आऊसाहेब बसू लागल्या. येणाऱ्याला त्या एकच विचारत, "कुठे दुखतंय, बाळा?" नागोपंत आत काढा उकळत असे.

ऐकणाऱ्या बायांनो, तुमच्याही घरात पिकल्या केसांचं एखादं लेकरू दुखणं अंगावर काढत बसलं असेल. ठकूने केलं तसं करा. आजच त्याला हाताला धरून वैद्याच्या दारात न्या, आणि दार उघडेपर्यंत पिच्छा सोडू नका.