न सोडलेलं पाणी

डोंगरांत वीज नुकती नुकती आली होती, तेव्हाची गोष्ट. माथ्यावर एक तळं होतं आणि पायथ्याशी दुसरं. दुपारी उन्हाची वीज उतू जायची, तेव्हा पंप खालचं पाणी वर चढवायचा. दिवस मावळला की वरच्या तळ्याचं दार उघडायचं, पाणी कोसळायचं, चाकं फिरायची आणि त्या विजेवर खोऱ्यातली गावं रात्र काढायची.

एके दिवशी पाणी चढून झालं आणि दाट धुकं उतरलं. सूर्य दिसेना. वरचं तळं घाबरलं. ‘उद्याही ऊन पडलं नाही तर? मग मला कोण भरणार?’ ते दाराला म्हणालं, “बाबा रे, आज उघडू नकोस.”

“अरे, सांज झाली. रोजची वेळ आहे,” दार कुरकुरलं.

“नको म्हटलं ना!”

दार मिटूनच राहिलं.

त्यात वाराही पडला. डोंगरावरच्या पवनचक्क्याही थांबल्या. खोऱ्यात वीज नेणाऱ्या तारा थरथरू लागल्या. “तळ्या, पाणी सोड! आमचा जीव चाललाय!”

तळ्यानं अंग आणखीच आवळून घेतलं.

खोऱ्यातले दिवे पिवळे पडले, फडफडले, आणि एकेक गाव काळोखात बुडालं. सगळ्यांत शेवटी दवाखान्याची खिडकी विझली. तिथून कुणीतरी किंचाळलं.

तळं मुळापासून हादरलं. “उघड! अरे, लवकर उघड!”

दार जागचं हललं नाही.

“कशानं उघडू?” ते हळूच म्हणालं. “मला उचलणारी मोटर त्याच तारांवर चालायची.”

खाली काळोख पसरत गेला. वर तळं काठोकाठ भरलेलं होतं.