पालखी कोणाची?

उंबरगडच्या राजाचा हत्ती तळ्यात पडला आणि गावात एकाचे दोन हत्ती झाले!

वरच्या पेठेत दिवाण त्र्यंबकपंतांचा दवंडीवाला ओरडला, "ऐका हो ऐका! दिवाणसाहेबांनी बांधलेल्या तळ्यात गजराजांनी जलक्रीडा केली! तळं धन्य झालं!"

खालच्या पेठेत सेनापती हैबतरावांचा दवंडीवाला ओरडला, "ऐका हो ऐका! दिवाणांच्या दळभद्री तळ्यानं हत्तीचा जीव घेतला!"

वरच्या पेठेनं साखर वाटली. खालच्या पेठेनं सुतक पाळलं. हत्ती पाहून यावं, असं मात्र दोन्ही पेठांत एकालाही सुचलं नाही.

राहिला म्हादू. तो कोणाच्याच पदरी नव्हता. गावानं नेमलेला साधा दवंडीवाला. त्यानं हलगी वाजवली आणि म्हणाला, "हत्ती तळ्यात घसरला. माहुतानं बाहेर काढला. आता ऊस खातो आहे."

"हा सेनापतींचा माणूस!" दिवाण ओरडले.

"हा दिवाणांचा माणूस!" सेनापती गरजले.

म्हादू वाईट, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत झालं. दोघांचं एकमत म्हणजे न्यायच, असं समजून राजा भद्रसेनानं म्हादूला कोठडीत टाकलं. हत्तीखाना राजवाड्याच्या मागेच होता. पण राजानं खिडकी उघडायची तसदी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी म्हादूची बायको राही तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन दरबारात आली. लेक भर दरबारात रडेल की काय, ही धास्ती मनात होती.

"महाराज, माझ्या नवऱ्यानं खोटं काय सांगितलं?"

"खोटं-खरं मला सांगू नकोस!" राजा म्हणाला. "दिवाण आणि सेनापती दोघंही 'यातला शब्दही चुकीचा नाही' म्हणतील, अशी एक दवंडी मला ऐकव. आत्ता, इथे! जमलं तर नवरा घरी ने. नाही जमलं, तर त्याची हलगी फोडून तुम्हा तिघांना वेशीबाहेर काढीन!"

दरबार खदखदून हसला. सूर्य पूर्वेला उगवतो, यावरही त्या दोघांचं कधी जमलं नव्हतं!

राहीला वाटलं, कशाला तोंड उघडलं आपण! नवरा कोठडीत आहेच, आता लेकीच्या डोक्यावरचं छप्परही जाणार. पण परत फिरायलाही वाट नव्हती.

"ऐकवते महाराज. पण दवंडी हे दोघंच रचतील. मी फक्त घडलं ते सांगेन. काल सकाळी कुंभारआळीतून एक पालखी गेली. वाळत घातलेल्या मडक्यांवरून भोई धावले. मडक्यांचा चुरा झाला. पालखी थांबली नाही. मी तिथेच उभी होते."

"कोणाची पालखी?" दिवाण आणि सेनापती एकदमच म्हणाले.

"ते मागाहून सांगते. आधी दवंडी ठरू द्या."

आली का पंचाईत! काल राजाच्या बागेत मेजवानी होती. दोघंही पालखीतून गेले होते, पडदे ओढून, पेंगत. भोयांनी कुठल्या आळीतून नेलं, हे पालखीत बसणाऱ्याला कधी ठाऊक असतं?

सेनापतींनी जोरात सुरुवात केली, "एका उन्मत्त, गरिबांच्या जिवावर उठलेल्या..." आणि मध्येच अडखळले. पालखी आपलीच निघाली तर? "हं... उन्मत्त नको. नुसतं 'एक पालखी' म्हणा."

दिवाण खाकरले. "मडकी किरकोळ होती, असं घाला."

"किरकोळ?" राही म्हणाली. "घालू की. पण पालखी सेनापतींची निघाली तर चालेल ना, पंत?"

"छे छे! किरकोळ काढा!"

"कुंभारांनी मडकी मुद्दाम वाटेत मांडली होती," सेनापती म्हणाले.

"आणि पालखी दिवाणांची असली तर?"

"मग... मग वाटेत नव्हती. कडेला होती!"

"कडेलाच होती," राही म्हणाली. "आणि कुंभारीण अजून रडते आहे."

"रडते वगैरे नको. ते मत झालं!" दिवाण म्हणाले.

"मत कसलं, पंत? खिडकी उघडा, आळी पलीकडेच आहे, इथवर ऐकू येईल."

खिडकी उघडली. ऐकू आलं. 'रडते' तसंच राहिलं.

एकेक विशेषण गळत गेलं. दोघांच्या कपाळाला घाम फुटला. आयुष्यात पहिल्यांदाच ते घडलेलं सांगत होते, मग कष्ट तर पडणारच! शेवटी दवंडी उरली ती एवढीच:

"काल सकाळी कुंभारआळीत एक पालखी कडेला ठेवलेल्या मडक्यांवरून गेली. मडकी फुटली. पालखी थांबली नाही. कुंभारीण रडते आहे."

"पंत, एखादा शब्द चुकीचा?" राजानं विचारलं.

"नाही महाराज."

"सेनापती?"

"नाही महाराज."

"शाब्बास!" राजानं मांडीवर थाप मारली. "आता नाव सांग बाई. दोघांतला कोण तो नालायक?"

राहीनं लेकीला घट्ट धरलं. "दोघांतला नाही, महाराज. पडदे बंद होते, पण आतून घोरणं ऐकू येत होतं. असं घोरणं सबंध उंबरगडात एकाचंच आहे. आपलेच भोई दाराशी उभे आहेत, विचारून घ्या."

राजानं भोयांकडे पाहिलं. भोयांनी जमिनीकडे पाहिलं.

क्षणभरही न दवडता दिवाण पुढे झाले. "ऐका हो! महाराजांच्या पालखीच्या स्पर्शानं मडकी पावन..."

"कुंभारांचा राजद्रोह!" सेनापतींनी तलवारीला हात घातला. "वाटेत मडकी मांडून..."

"अरे, आत्ताच कडेला होती ना?" राजा ओरडला. लाजेनं आणि रागानं त्याचा चेहरा लाल झाला. तो राहीकडे वळला. "आणि तू? आता तू काय करणार?"

"मी काय करणार, महाराज? दवंडी दोघांनी मंजूर केली आहे. 'एक पालखी'च्या जागी 'महाराजांची पालखी' म्हणायचं, एवढंच उरलंय. आता ती देणार कोण, तेवढं सांगा. या दोघांचे दवंडीवाले देतील, की कोठडीतला सोडता?"

राजानं दिवाणांकडे पाहिलं, सेनापतींकडे पाहिलं आणि तो जो हसत सुटला, तो मुकुट कानावर घसरला तरी थांबेना!

"सोडा त्या म्हादूला!" डोळे पुसत तो म्हणाला. "दोन्ही पेठांत हलगी आता त्याचीच वाजेल. आणि यापुढे बातमी आधी ठरेल, नाव मागाहून पडेल! बाई, ही सोन्याची कडी तुझ्या लेकीला. आणि पंत, सेनापती, तुम्ही दोघं कुंभारआळीत जा आणि माती तुडवायला लागा. सगळी मडकी नवी झाल्याखेरीज परत यायचं नाही. पालखी माझीच घेऊन जा... पण पडदे उघडे ठेवून!"