बेडकुलीला हवा एक थेंब

गॅलरीत होत्या सात कुंड्या. अळूच्या कुंडीखाली होती ताटली. ताटलीत होतं पाणी. पाण्यात राहायची बेडकुली. नखाएवढी बेडकुली!

एकदा काय झालं, दिगूआजोबा आले. वाकून बघू लागले.

"अरे देवा! साचलेलं पाणी? डास होतील ना!"

भळ्ळ! ताटली ओतली. पालथी घातली. बेडकुली त्यांना दिसलीच नाही. ती उडी मारून बसली कुंडीमागे.

"आता ताटली नको. आता फवारा!" म्हणाले आजोबा. त्यांनी नवं खोकं उघडलं. खर्र खर्र! वर्तमानपत्र अंथरलं. सगळं ओळीनं मांडलं. एक बाटली. एक दांडा. एक तोटी. आणि एक रबरी चकती. काळी, बारीक.

"ही हरवेल हं," म्हणाले आजोबा. म्हणून चकती घातली करंगळीत, अंगठीसारखी.

मग सूचनांचा कागद वाचला. पुन्हा वाचला. पुन्हा एकदा वाचला. वाचता वाचता चकती विसरलेच!

इकडे ऊन चढलं. बेडकुलीचं अंग सुकू लागलं. बेडकुली निघाली. टपाक् टपाक् टपाक्!

गेली अळूच्या पानाकडे.

"पाना रे पाना, थेंब दे ना! माझं अंग सुकलं!"

पान म्हणालं, "मीच कोरडं. तोटी फवारेल, तर मी थेंब देईन."

टपाक् टपाक् टपाक्!

"तोटी गं तोटी, फवार ना! पान थेंब देईना, माझं अंग सुकलं!"

तोटी म्हणाली, "बाटली पाणी ढकलेल, तर मी फवारीन."

टपाक् टपाक्!

"बाटली गं बाटली, पाणी ढकल ना! तोटी फवारेना, पान थेंब देईना, माझं अंग सुकलं!"

बाटली म्हणाली, "दांडा हवा भरेल, तर मी पाणी ढकलीन."

टपाक् टपाक्!

"दांड्या रे दांड्या, हवा भर ना! बाटली पाणी ढकलेना, तोटी फवारेना, पान थेंब देईना, माझं अंग सुकलं!"

दांडा म्हणाला, "मी तर आडवा पडलोय! आजोबा मला जोडतील, तर मी हवा भरीन."

टपाक्... टपाक्...

"आजोबा हो आजोबा, जोडा ना! दांडा हवा भरेना, बाटली पाणी ढकलेना, तोटी फवारेना, पान थेंब देईना, माझं अंग सुकलं!"

आजोबांनी इकडे तिकडे पाहिलं. "कोण बोललं? अहो, मी जोडीन, पण चकती मिळेल तर! खोक्यात नाही. कागदाखाली नाही. खिशात नाही. माझंच काहीतरी चुकलं."

आजोबांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी डोक्याला हात लावला. आणि बेडकुलीला दिसली करंगळी!

"चकती गं चकती, मिळ ना! आजोबा जोडेनात, दांडा हवा भरेना, बाटली पाणी ढकलेना, तोटी फवारेना, पान थेंब देईना, माझं अंग सुकलं!"

चकती म्हणाली, "मी तर इथेच आहे! आजोबा बोटाकडे बघतील, तर मी मिळेन."

बेडकुली दमली होती. तरी तिनं पाय गोळा केले. आजोबांनी हात खाली घेतला.

टपाक्!!!

बेडकुली थेट करंगळीवर!

"अरेच्चा!" आजोबांनी बोटाकडे पाहिलं. "चकती! आणि तू गं कोण?" बेडकुलीनं पालथ्या ताटलीकडे पाहिलं. "अरे, ताटलीत तू राहायचीस? तुझं पाणी मी ओतलं?"

आतून आजी हसली. "अहो, कागद तीनदा वाचलात. हात एकदा तरी बघायचा!"

मग काय! चकती मिळाली. आजोबांनी जोडलं, कर्र कर्र कर्र! पाणी भरलं, झाकण घट्ट केलं. दांड्यानं हवा भरली, फुसुक् फुसुक्! बाटलीनं पाणी ढकललं, घुळघुळघुळ! तोटीनं फवारलं, फिस्स्स्स! अळूचं पान भिजलं. पानावर थेंब जमला. गोल गोल, डुगडुगता थेंब. पान वाकलं, आणि...

टप्प!

बेडकुलीच्या नाकावर!

बेडकुली भिजली. बेडकुली चकाकली. बेडकुली फुगली.

"रोज सकाळी पहिला फवारा तुझा हं," म्हणाले आजोबा. "मग कुंड्यांचा."

आता रोज सकाळी आजोबा फवारा जोडतात. रोज काळजीनं विचारतात, "बरोबर जोडलं ना मी?"

अळूच्या पानावरून कोण सांगतं?

"डरांव!"